सामंतची साक्ष

हौशी नाटकवाल्यांचा ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर फार जीव. कारणं व्यवहाराची आहेत. सेट एकच, पात्रं आटोपशीर, आणि शेवटी बेणारेबाईंचं लांबलचक स्वगत. ते जमलं की अभिनयाच्या बक्षिसाची आशा ठेवता येते. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी आमच्या संस्थेनंही हेच नाटक निवडलं. वर्क फ्रॉम होममुळे मी गावी होतो. दिवसा कोड, रात्री तालीम. अभिनय येत नाही, म्हणून माझ्याकडे प्रकाशयोजना आली.

नाटक माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. विजय तेंडुलकरांनी ते १९६३ साली लिहिलं. १९६७ मध्ये ‘रंगायन’नं केलं तेव्हा दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं होतं आणि बेणारे होत्या सुलभा देशपांडे. मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला एका गावात येते. खटला अमेरिकेच्या अध्यक्षांवर, अण्वस्त्रांवरून. प्रयोगाला वेळ असतो. गावातल्या सामंतला कोर्ट कसं चालतं ते कळावं, म्हणून एक लुटुपुटीचा खटला उभा करतात. आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. आणि खेळ म्हणता म्हणता तिचं खरं आयुष्य चव्हाट्यावर येतं.

म्हणजे हे आमच्यासारख्याच लोकांबद्दलचं नाटक. प्रयोगासाठी परगावी निघालेली, एकमेकांची टिंगल करणारी, स्वतःला एक कुटुंब समजणारी माणसं. दोन महिन्यांच्या तालमीत हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आमच्या दिग्दर्शकांनी काशीकर आणि सुखात्मे पहिल्या प्रवेशापासून खलनायक करून टाकले. चढा आवाज, तिरकं हसू, मला लाल फिल्टर लावायला सांगितलेला. प्रेक्षकांना पाचव्या मिनिटाला कळलं की वाईट कोण. तिथेच प्रयोग पडला, असं मला आता वाटतं. पहिल्या अंकात बेणारे सगळ्यांच्या नकला करते, आपण तिच्याबरोबर हसतो. मग तिची पाठ असताना बाकीचे आरोप ठरवतात, तेव्हाही आपल्याला गंमतच वाटायला हवी. खटल्यातली पहिली काही वाक्यं चांगल्यापैकी विनोदी आहेत. आपण नक्की केव्हा हसायचं थांबायला हवं होतं, हे ज्या प्रयोगात प्रेक्षकाला स्वतःचं स्वतः शोधावं लागतं, तो प्रयोग खरा. आमच्या प्रयोगात प्रेक्षक निर्दोष राहिले.

या नाटकाची किल्ली मला सामंतमध्ये दिसते. स्पर्धांमध्ये ही भूमिका बहुतेक वेळा संस्थेतल्या सर्वांत नव्या मुलाला देतात, थोडा बावळटपणा केला की भागतं. पण बघा, सामंत वाईट नाही. बेणारेशी तो आपुलकीनं वागतो. गैरहजर नटाच्या जागी साक्षीदार म्हणून त्याला उभं करतात आणि तो हातातल्या कादंबरीत बघून साक्ष रचतो. त्याला वाटतं, खेळच तर आहे. ती रचलेली साक्ष नेमकी खऱ्याच्या जवळ जाते आणि फास आवळला जातो. सुखात्म्यांचा दुष्टपणा आपल्याला दिसतो, आपण सावध होतो. सामंतवर मात्र आपला विश्वास असतो.

हे मला पुस्तक वाचून सुचलेलं नाही. तालमीत एक दिवस बेणारे करणारी ताई उशिरा आली. ती गाडी लावत होती तेवढ्यात इकडे ठरलं की आज हिच्यावर कोर्ट बसवायचं. ती आत आली, आणि कुणीतरी ओरडलं, “आरोपी हजर!” सगळे हसले, तीही हसली. साक्षीदार हवा होता, मला पुढे ढकललं. “काय पाहिलंस? खरं सांग.” मी म्हटलं, “परवा रात्री ताईंना एका पांढऱ्या गाडीनं कोपऱ्यावर सोडलं.” टाळ्या पडल्या. मी खोटं बोललो नव्हतो. गाडी कुणाची हेही मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तिचा धाकटा भाऊ तालमीला येऊन कोपऱ्यात मोबाइल बघत बसू लागला. तालमीनंतरच्या चहाला ती पुन्हा थांबली नाही. कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

सांगली केंद्रावर प्रयोग झाला. स्वगताच्या वेळी संहितेत बाकीची पात्रं जागच्या जागी गोठतात, पण मंचावरच असतात. आमचे सर म्हणाले, “बाकी सगळं काळं कर, फक्त तिच्यावर स्पॉट. परीक्षकांना दुसरं काही दिसायला नको.” मी फेडर खाली ओढला. तिनं ते स्वगत असं केलं की शेजारी बसलेला साउंडवाला पुढचा क्यू विसरला. तिला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं, नाटक अंतिम फेरीत गेलं नाही. परतीच्या गाडीत तिचं भरपूर कौतुक झालं. ती भावाशेजारी खिडकीकडे तोंड करून बसली होती. त्या प्रयोगानंतर ती संस्थेत आलेली नाही.

ते स्वगत एका दुःखी बाईचा एकपात्री प्रयोग नाही. तिचं बोलणं कुणाला तरी उद्देशून आहे, आणि ते लोक तिथेच उभे आहेत. त्यांना अंधारात टाकलं की प्रेक्षकांना तिची दया येते आणि गुन्हा कुणाचा हे विसरायला होतं. अनेक हौशी प्रयोगांत हेच घडतं. नाटक बेणारेचं होतं आणि कोर्ट सुटतं. आमच्याकडे ते सुटलं माझ्या हातून, दोनदा.

तुमचा ग्रुप हे नाटक करणार असेल तर दोनच गोष्टी सांगेन. सामंतसाठी सर्वांना आवडणारा, सज्जन मुलगा घ्या. आणि स्वगताच्या वेळी मागच्या माणसांवर पंधरा-वीस टक्के तरी प्रकाश ठेवा, त्यांचे चेहरे दिसतील इतका. ताईंना मेसेज टाइप करून ठेवलाय, अजून पाठवलेला नाही.