गच्चीसकट घर
‘बटाट्याची चाळ’ आणि ‘अधांतर’ यांचे एका धर्मगुरूने केलेले पुनर्वाचन

पावसाळ्याच्या अखेरीस परळ भागातील एका नव्या इमारतीत घराला आशीर्वाद देण्यासाठी जाण्याचा योग आला. आजोबा गिरणीत साचेवाले होते. त्यांची सारी हयात एका खोलीत गेली. आता नातवाच्या संसाराला सतराव्या मजल्यावर दोन खोल्या, स्वतंत्र स्वयंपाकघर आणि घरातच संडास-न्हाणीघर मिळाले आहे. प्रार्थना झाली, प्रत्येक खोलीत पवित्र पाणी शिंपडले, वेफर-केकचा पाहुणचार झाला. मी निघालो तेव्हा घरातल्या आजी मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. इकडे तिकडे पाहून त्यांनी हलक्या आवाजात विचारले, “फादर, दार उघडं टाकून बसले, तर बाजूचे काही म्हणतील का हो?”

मला चटकन उत्तर सुचले नाही. लिफ्टचे दार मिटले आणि प्रश्न माझ्याबरोबर खाली आला. त्या रात्री मी कपाटातून दोन पुस्तके काढली. पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ मी सेमिनरीत असताना पोट धरून हसत वाचले होते. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’चा प्रयोग मी दीक्षा होऊन थोडेच दिवस झाले असताना पाहिला होता आणि त्यानंतर कित्येक दिवस बेचैन होतो. दोन्ही कृती आपल्या मुंबईतील चाळीच्या आहेत. आज जुन्या घरांचा विषय निघाला की त्यांची नावे हटकून घेतली जातात. परंतु आजींच्या प्रश्नाचे ओझे घेऊन वाचू लागलो, तेव्हा त्यांचा अर्थ मला निराळाच लागला. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली. १९६१ पासून पु. लं.नी एकट्याने रंगमंचावर उभे राहून ती सादर केली आणि ती महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. सोकाजी त्रिलोकेकर, एच. मंगेशराव, अण्णा पावशे, राघूनाना सोमण ही मंडळी आपल्या परिचयाची आहेत. मात्र पुस्तकाचा विनोद केवळ या व्यक्तींच्या विक्षिप्तपणातून निर्माण होत नाही, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. तो जागेच्या रचनेतून निर्माण होतो. ‘उपास’ हे प्रकरण पाहा. एका गृहस्थाला आहार कमी करून वजन घटवायचे आहे. हा त्याच्या पोटाचा खाजगी प्रश्न आहे. पण चाळीत खाजगी असे काही उरतच नाही. खोल्यांपुढून जाणारी गॅलरी एकच, नळ एक, जिना एक. बघता बघता त्याचा उपास साऱ्या चाळीचा होतो आणि जो तो आपला आहारशास्त्राचा अनुभव घेऊन हजर होतो. उपास करणाऱ्याने तो लोकांना दिसू देऊ नये, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले. ही शिकवण गॅलरीच्या चाळीत पाळणे किती कठीण आहे, हे लक्षात येऊन मला या खेपेस एक वेगळेच हसू आले.

‘गच्चीसह झालीच पाहिजे’ हे प्रकरण तर आता मला पुस्तकाचा कणा वाटते. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ या घोषणेचे ते विडंबन आहे, एवढे सर्वांना ठाऊक आहे. पण विडंबनाच्या खाली एक खरी भूक आहे. घरमालकाच्या कुलपाआड असलेली गच्ची या भाडेकरूंना हवी आहे. खोली मोठी करून द्या, अशी त्यांची मागणी नाही. आपल्या सर्वांच्या मालकीचे थोडे आकाश मिळावे, एवढेच त्यांना हवे आहे. पु. ल. या चळवळीतील भाषणबाजीची यथेच्छ थट्टा करतात, पण त्या आकाशाच्या ओढीची थट्टा करीत नाहीत. अखेरच्या ‘चिंतन’ या प्रकरणात हसू ओसरते आणि लेखकाचा स्वर व्याकुळ होतो, त्याची तयारी मला येथेच झालेली दिसते.

असे असले तरी या पुस्तकाची एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. या चाळीतल्या कर्त्या पुरुषांच्या चाकरीला धक्का लागेल अशी भीती पुस्तकात कोठेही नाही. पगार बेताचा आहे, पण पहिल्या तारखेला येणारा आहे. त्यामुळे येथील अडचण नेहमी गमतीची राहते. ज्याची उद्याची भाकरी निश्चित आहे, त्यालाच संडासाच्या रांगेवर विनोद सुचतो. हे पुस्तक वाचून “चाळीत किती मजा होती” असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे विसरू नये. रात्री-अपरात्री आजारी म्हातारीला गॅलरीच्या टोकापर्यंत धरून नेणाऱ्या सुनेला विचारा, ती मजेविषयी वेगळे बोलेल.

गिरगावच्या गॅलरीतून लालबाग-परळच्या खोलीत यायचे म्हणजे ‘अधांतर’ वाचायचे. मध्ये जवळजवळ चाळीस वर्षे गेली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मिटला नाही, नुसता विरत गेला. त्यानंतरच्या एका घराची कथा १९९७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात आहे. घरात आई आहे. लेखक होऊ पाहणारा बाबा, क्रिकेटच्या नादात दिवस काढणारा मोहन, टोळीच्या वाटेला लागलेला नरू आणि मुलगी मंजू आहेत. पवार स्वतः गिरणगावचे. त्यामुळे या घरातले कोणतेही भांडण त्यांना कल्पनेतून आणावे लागले नाही, असे संवाद ऐकताना जाणवते.

दोन्ही कृती शेजारी ठेवल्यावर एक साधी, हिशेबाची बाब माझ्या लक्षात आली. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. चार मजली इमारतीत ऐंशी खोल्या, आणि खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत आठ-दहा माणसे राहिली कशी? आपण उत्तर देतो, “माणुसकी होती.” माणुसकी होतीच, परंतु पाळ्याही होत्या. भोंगा वाजला की दिवसपाळीचा माणूस बाहेर पडे आणि रात्रपाळीचा येऊन त्याच जागी अंथरूण पसरी. खोली लहान होती, पण सगळे एका वेळी घरात नसत. एकट्या चाकरमान्याला खानावळ होती. घर अपुरे पडे ती जागा गिरणी, खानावळ, व्यायामशाळा आणि गॅलरी मिळून भरून काढीत.

गिरणी बंद झाली आणि सगळे एकाच वेळी घरात आले. ‘अधांतर’चे सारे नाट्य या एका वाक्यात आहे, असे मला वाटते. भिंती तेवढ्याच राहिल्या, पण बाहेर जाण्याचे कारण नाहीसे झाले. एकमेकांच्या जिवावर उठलेली ही भावंडे वाईट नाहीत. त्यांना एकमेकांपासून दूर जाण्यासाठी जागाच उरलेली नाही. पु. लं.च्या पात्रांना निदान कुलूपबंद गच्ची दिसत होती. येथे वर आकाश आहे, याची आठवणही कोणाला होत नाही.

तरीही या नाटकाविषयी माझी एक तक्रार आहे. एक मुलगा लेखणीकडे, एक खेळाकडे, एक गुन्हेगारीकडे, ही वाटणी कधी कधी फार नेटकी वाटते. संपानंतर गिरणगावातील बहुसंख्य माणसे यांपैकी कोठेच गेली नाहीत. कोणी पहारेकरी झाले, कोणी भाजीची टोपली घेऊन बसले, कोणी कोकणात परतले. कितीतरी घरे बायकांनी पोळ्या लाटून आणि डबे पोहोचवून चालवली. त्या रोजच्या, न गाजलेल्या टिकून राहण्याला नाटकात पुरेशी जागा मिळत नाही. २०१० साली या नाटकावरून महेश मांजरेकर यांनी ‘लालबाग परळ’ हा चित्रपट काढला, तेव्हा रक्तपाताचा रंग अधिक गडद झाला आणि ही साधी माणसे आणखीच मागे पडली. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने टाकलेले एक मूल उचलून आपल्या घरी नेले आणि ते मूल पुढे कवी नारायण सुर्वे झाले. त्या इवल्याशा खोलीत आणखी एका जिवासाठी जागा कशी निघाली, ही कथा गिरणगावच्या सत्याचा दुसरा अर्धा भाग आहे. बेथलेहेमच्या उतारशाळेत जागा नव्हती, हे दर नाताळात सांगणाऱ्या मला ती विसरता येत नाही.

आता गच्चीकडे पुन्हा वळू. आमच्या दादरच्या आवर लेडी ऑफ सॅल्व्हेशन ख्रिस्तमंदिराला सारे दादर ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणून ओळखते. १५९६ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी स्थापिलेल्या या मंदिराची आजची वास्तू १९७०च्या दशकात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी घडवली. नव्या वास्तूच्या काँक्रीटच्या उंच टोप्या पाहून आजही काही जण नाक मुरडतात. परंतु आत जाऊन पाहावे. त्या टोप्यांतून वरचा उजेड खाली झिरपतो आणि तापलेली हवा वर निघून जाते. छपराखालची जागा आणि उघडी अंगणे एकमेकांत मिसळलेली आहेत. मिस्सा संपली की माणूस एकदम रस्त्यावर फेकला जात नाही. तो अंगणात रेंगाळतो, विचारपूस करतो, मग घरी जातो. उष्ण हवेच्या आपल्या देशात आकाशाखालची मोकळी जागा हीदेखील राहण्याची खोलीच असते, हे कोरिया आयुष्यभर सांगत आले. चाळीच्या गॅलरीला हे शिक्षणावाचून ठाऊक होते.

याच कोरियांना १९९६ मध्ये राज्य शासनाने गिरण्यांच्या जमिनींचा विचार करणाऱ्या अभ्यासगटाचे अध्यक्ष नेमले होते. एकेका गिरणीचे सुटे तुकडे न पाडता सर्वांचा एकत्रित विचार करावा आणि त्यातून शहराला मोकळ्या जागा व घरे मिळवावीत, अशी त्यांची दिशा होती. १९९१च्या नियमानुसार जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेकडे, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाकडे आणि उरलेला मालकाकडे जावयाचा होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि बांधकाम नसलेली मोकळी जमीन तेवढीच वाटणीसाठी मोजायची, असे ठरले. वाटणीला येणारी जमीन आटली. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. गिरणगावच्या त्या सुमारे ६०० एकर जमिनीकडे मी या शहराची गच्ची म्हणून पाहतो. तिला कुलूप लागले, आणि या वेळी कोणी विडंबनही लिहिले नाही.

गिरगावातल्या खोताचीवाडीचेही काही निराळे नाही. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाच्या नावाची ही वाडी. तेथे आपल्या ईस्ट इंडियन कुटुंबांनी लाकडी जिने, कोरीव सज्जे आणि पुढे ओटा असलेली घरे बांधली. ओटा म्हणजे घराचा असा भाग की जेथे परका माणूसही बसू शकतो. आज तेथील थोडीच घरे शिल्लक आहेत आणि वाडीच्या अंगावर उंच इमारतींची सावली पडते. सेंट तेरेसा चर्चवरून जाताना वाचकांनी एकदा आत वळून अवश्य पाहावे.

तर मग नवी घरे नकोत काय? असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांची एक अवहेलना संपली. प्रौढ मुलीला कपडे बदलण्यासाठी दार असावे, हे प्रतिष्ठेचेच लक्षण आहे. पु. लं.ची चाळ हे दार देऊ शकत नव्हती आणि पवारांच्या खोलीत तर त्याची कल्पनाही परवडणारी नव्हती. म्हणून या दोन कृतींचा आधार घेऊन जुन्याचे गोडवे गाणे हा त्या दोन्ही लेखकांवर अन्याय ठरेल. दार असावे आणि ते उघडण्याजोगी जागा त्याच्यापुढे असावी, असे या कृती एकत्र वाचल्यावर माझ्या मनात येते.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे आज पुनर्विकासाच्या सभांना जातात. तेथे चौरस फुटांची चर्चा तासन्‌तास होते. ती व्हावी. पण नकाशावर बोट ठेवून कोणी विचारतो का, की मजल्यावरचा मार्ग किती रुंद आहे? तेथे वारा आणि उजेड येतो का? म्हाताऱ्यांना बसायला बाक आहे का? मे महिन्यात रोझरीसाठी, गणपतीत आरतीसाठी आणि कोणाच्या घरी मयत झाली तर चार माणसांना उभे राहण्यासाठी जागा कोठे आहे? गच्चीची किल्ली कोणाकडे राहणार? हे प्रश्न करारावर सही होण्यापूर्वी विचारायचे असतात. मागाहून ते फक्त आठवणींचे लेख होतात.

गेल्या महिन्यात आजींना पवित्र कम्युनियन देण्यासाठी पुन्हा सतराव्या मजल्यावर गेलो. या वेळी मी उत्तर तयार ठेवले होते, पण त्याची गरज पडली नाही. लिफ्टबाहेरच्या अरुंद जागेत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. एकीवर आजी होत्या आणि दुसरीवर समोरच्या बिऱ्हाडातील बाई मेथी निवडत बसल्या होत्या. दोन्ही दारे उघडी होती. मला पाहताच त्या शेजारीण उठू लागल्या, तर आजींनी त्यांना हाताने बसवले आणि मला म्हणाल्या, “या फादर. यांनाही राहू द्या. प्रार्थना बाहेरच करू या.”

इमारतीच्या समितीने त्या खुर्च्या हटवण्याची सूचना दिली आहे, असे परवाच कळले. मी त्या समितीला पत्र लिहिले आहे.