वारसा नसलेल्यांचा उद्या

ऑटिझम असलेल्या मुलांविषयी आता बरेच लिहिले जाते. चित्रपट निघतात, पालकांसाठी मार्गदर्शक पुस्तिका छापल्या जातात, व्याख्याने होतात. या मजकुरात एक गोष्ट वारंवार येते, ती म्हणजे बदल. शाळा संपते, वय वाढते, घर सुटते, आई-बाप थकतात आणि एक दिवस मरतात. ज्या मुलाला रोजचा क्रम मोडलेला सोसत नाही, त्याच्यापुढे हे बदल उभे राहिले की काय करायचे? प्रश्न खरा आहे. मात्र या प्रश्नाला साहित्याने आणि चित्रपटांनी जी उत्तरे दिली, ती तपासून पाहिली पाहिजेत. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: या कथांमध्ये बदल निभावून नेणारा खरा नायक वारसा आहे. ज्यांच्याजवळ वारसा नाही, त्यांचा उद्या या कथांमध्ये नाही.

प्रथम शब्दाविषयी. मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला आहे. प्रस्थापित साहित्याला 'आत्ममग्न' म्हणून आपल्या समीक्षेने एकेकाळी झोडपले. समाजाकडे पाठ फिरवून स्वतःत रमणे ही पांढरपेशांची चैन होती, असे आपण म्हणालो. आता तशाच अर्थाचे विशेषण अशा मुलांना लावले जाते, ज्यांना आवाज, उजेड, स्पर्श यांचा मारा इतरांहून अधिक सोसावा लागतो. जन्मतःच वेगळी घडण असलेला मेंदू जगाला निराळ्या रीतीने सामोरा जातो. त्याला 'स्वतःत मग्न' म्हणणे म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याचा निवाडा आहे. बाहेरच्यांनी दिलेले नाव गळ्यात बांधून जगणे काय असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून या लेखात मी 'ऑटिझम' हाच शब्द वापरतो.

आता कथांकडे वळू. 'रेन मॅन' हा १९८८ चा अमेरिकन चित्रपट. त्यातील रेमंडचा बाप मरतो आणि त्याच्या सांभाळासाठी तीस लाख डॉलर ठेवून जातो. सगळी कथा या पैशाभोवती फिरते, पण प्रेक्षकाच्या लक्षात राहते ती रेमंडची स्मरणशक्ती. 'माय नेम इज खान' २०१० चा. बोरिवलीत वाढलेल्या रिझवानची आई मरते. हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा बदल आहे. चित्रपट तो कसा सोडवतो? अमेरिकेत गेलेल्या भावाकडे त्याला पाठवून. त्याच्या वेगळेपणाला नावही तिथेच मिळते, कारण भावजय मानसशास्त्र जाणणारी आहे. २०१२ च्या 'बर्फी'मधली झिलमिल श्रीमंत आजोबांची नात आहे आणि तिच्या नावावर ठेवलेली संपत्ती हाच कथानकाचा कणा आहे. कलाकृती म्हणून यांचे गुणदोष वेगवेगळे आहेत. मात्र तिन्ही ठिकाणी बापाचा पैसा, परदेशातला भाऊ किंवा आजोबांची इस्टेट हजर आहे. आई मेल्यावर अमेरिकेत भाऊ नसेल तर रिझवानचे काय झाले असते, हा प्रश्न पटकथेला पडत नाही. पडला असता तर चित्रपट बोरिवलीतच राहिला असता, आणि तो अधिक खरा झाला असता.

कथा सोडून इतिहासाकडे गेलो तरी हेच दिसते. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरने अकरा मुलांचे वर्णन करणारा निबंध लिहिला. ऑटिझमची आधुनिक ओळख तेथून सुरू झाली. जग आहे तसेच, न बदलता राहावे, हा या मुलांचा चिंताग्रस्त आग्रह त्यानेच प्रथम नोंदवला. अकरांपैकी चौघांचे बाप मानसोपचारतज्ज्ञ होते आणि नऊ आया पदवीधर होत्या. अशी मुले शिकलेल्यांच्याच घरी जन्मतात काय? मुळीच नाही. कॅनरच्या दवाखान्यापर्यंत पोहोचण्याची ऐपत ज्यांची होती, त्यांचीच मुले शास्त्राला दिसली. मजुराचे मूल 'वेडे' म्हणून गोठ्यात बांधले गेले असेल तर ते कोणत्या निबंधात येणार?

या अकरांतला पहिला मुलगा डोनाल्ड. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावाचा. १९४२ मध्ये, नऊ वर्षांचा असताना, त्याला गावापासून थोड्या अंतरावरच्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवण्यात आले. त्यांनी जे केले ते मला कोणत्याही उपचारपद्धतीपेक्षा मोलाचे वाटते. त्याला सतत मोजण्याचा नाद होता, तर त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि खोली मोजून सांगायला लावली. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजायचा, तर नांगर धरून मोज म्हणाले. कॅनर भेटीला गेला तेव्हा हा मुलगा घोडा आणि नांगर व्यवस्थित हाकत होता. पुढे तो पदवीधर झाला, १९५८ पासून बँकेत नोकरीला लागला, गावानेही त्याला सामावून घेतले. २०२३ मध्ये तो मरण पावला. पण ती बँक त्याच्या आजोळची होती, हे विसरून चालणार नाही. १९७१ मध्ये कॅनरने त्या अकरांचा पुन्हा मागोवा घेतला. नोकरीत स्थिरावलेले दोघेच निघाले. सरकारी इस्पितळांत डांबलेली मुले होते तेही गमावून बसली होती. मूल तेच, मेंदूची घडण तीच. फरक पडला तो भोवतालच्या व्यवस्थेने. आणि ज्या मिसिसिपीत तेव्हा काळ्या माणसाला गोऱ्याच्या शेजारी बसण्याची बंदी होती, तिथल्या काळ्या शेतमजुराच्या अशा मुलासाठी कोणती बँक उभी राहणार होती?

आईबापांना दोषी धरण्याची परंपराही तपासली पाहिजे. १९६७ च्या 'द एम्प्टी फोर्ट्रेस' या पुस्तकात ब्रुनो बेटलहाइमने मुलाच्या अवस्थेचे खापर आईच्या थंडपणावर फोडले. हा सिद्धान्त पुढे खोटा ठरला, पण तोवर हजारो आया पोळल्या. आपल्याकडे हेच काम कर्मसिद्धान्त करतो. 'मागच्या जन्मीचे पाप' हे उत्तर ज्या तोंडाने अस्पृश्याला दिले गेले, त्याच तोंडाने ते अशा मुलाच्या आईला दिले जाते. तिकडे शिकलेली आई मूल सोडून पुस्तकात रमली म्हणून दोषी, इकडे मजूर आई मूल बांधावर ठेवून कामाला गेली म्हणून दोषी. दोन्हीकडे व्यवस्था सुटते आणि बाई सापडते.

मार्गदर्शक पुस्तिका सांगतात: बदल होण्याआधी मुलाला पूर्वसूचना द्या. नव्या जागेची चित्रे दाखवा, दिवसाचे वेळापत्रक भिंतीवर लावा, घरात एक शांत कोपरा राखून ठेवा. सल्ला चुकीचा नाही. पण पूर्वसूचना तोच देऊ शकतो, ज्याला उद्या काय होणार हे ठाऊक असते.

मी शिकवतो त्या तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि गाडी कोणत्या दिवशी येणार, कोणत्या कारखान्यावर जाणार हे मुकादम ठरवतो. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीचा सतरा वर्षांचा भाऊ असा आहे. तो बोलत नाही. दरवर्षी फडावर गेल्यावर आठ-दहा दिवस तो नीट जेवत नाही, रात्री कोपीबाहेर येरझारा घालतो. परत गावी आले की पुन्हा तेच. आईने यावर स्वतःचा तोडगा काढला आहे. तीच गोधडी, तोच पितळी तांब्या, आणि गावच्या घरात असते तशीच दाराच्या डाव्या हाताला त्याची जागा. "रान बदललं तरी चालतंय त्याला सर, गोधडी बदलली की खपत न्हाई," ती म्हणाली. पुस्तिकेतले सगळे ज्ञान या बाईजवळ आहे. नाही ती तारीख, जी मुकादमाच्या खिशात आहे.

आणि या घरात पुढचा बदल येऊ घातला आहे. आईची कंबर गेली आहे. कोयता मोडला तर उचल फिटणार नाही. तेव्हा मुलीने शिकणे सोडून भावाला सांभाळावे, ही भाषा घरात सुरू झाली आहे. ज्याला आपण एका मुलाचे अपंगत्व म्हणतो, ते एका मुलीच्या पदवीची किंमत मागते. चित्रपटातला अमेरिकेतला भाऊ इथे नाही. इथे बहीण आहे, आणि तिच्या त्यागाचे गोडवे गाणारे साहित्य मात्र तयार आहे. त्या गोडव्यांना आपण नकार दिला पाहिजे.

कायदा काय म्हणतो? १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत त्याचा समावेश केला. दाखल्यासाठी ४० बाबींची भारतीय मोजपट्टी आहे. 'तोच तो क्रम राखण्याचा आग्रह' हीही त्यातली एक बाब. ४० टक्के अपंगत्वाचा दाखला मिळाला तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे जिथे बदलाची खरी दरी सुरू होते, तिथे शिक्षणाचा हा हक्क थांबतो. अठरानंतर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो, एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्क्यांपैकी एक टक्का ऑटिझमसह इतर काही गटांना मिळून आहे. कागद चांगला आहे. पण सहा महिने फडावर असलेल्या आईने जिल्ह्याला हेलपाटे केव्हा मारायचे? जातीच्या दाखल्यासाठी झिजलेल्या चपला आता दुसऱ्या दाखल्यासाठी झिजवायच्या, एवढाच तिला कायद्याचा परिचय.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जात आणि ऑटिझम एक नव्हेत. जात माणसाने निर्माण केली, ती नष्टच झाली पाहिजे. ऑटिझम असलेला माणूस नष्ट करायचा नाही की 'सुधारून' दुसरा बनवायचा नाही. त्याला आहे तसा जगू देईल असा समाज घडवायचा आहे. साम्य आहे ते आवाजाच्या प्रश्नात. १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्याने पालकांना सुनावले की आमच्यासाठी शोक करू नका. कणव नको, हक्क हवा, ही भूमिका दलित साहित्याला परकी नाही. फरक इतकाच की यांतले कित्येकजण शब्दांनी बोलणार नाहीत. जेवायला नकार देणारा तो सतरा वर्षांचा मुलगा काहीतरी सांगतच असतो. त्या नकाराला 'हट्ट' न म्हणता विधान म्हणून वाचणे हे समीक्षेचेच काम आहे.

वारसा नसलेल्यांनी वारसा उभा केल्याचा इतिहास आपल्याजवळ आहे. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले. गावातून शहरात येणाऱ्या मुलाला त्याने जेवण, जागा आणि दिवसाचा क्रम दिला. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला, आणि माझा तो बदल कोणत्याही इस्टेटीने निभावला नाही. वसतिगृहाने आणि शिष्यवृत्तीने निभावला. तेच आता या मुलांसाठी मागितले पाहिजे. टोळ्या हलण्यापूर्वी पालकत्वाची आणि दाखल्याची कामे तालुक्यालाच उरकली जावीत. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, त्यांत अशा मुलांची आणि अठरा ओलांडलेल्यांचीही सोय व्हावी. कारखान्याने टोळीला निघण्याची तारीख आणि ठिकाण आधी लेखी कळवावे. ही शेवटची मागणी किरकोळ वाटेल, पण पूर्वसूचनेचा हक्क म्हणतात तो हाच.

आणि आपल्या नियतकालिकांनी या आयांना, बहिणींना आणि बोलू-लिहू शकणाऱ्या ऑटिस्टिक तरुणांना पाने द्यावीत. फॉरेस्ट गावाला डोनाल्ड सामावून घेता आला, कारण त्याच्या घरची बँक होती. आपल्या वस्त्यांजवळ बँक नाही. संघटना आहे. तिने आता हा प्रश्न आपल्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा.