हालचाल-चाचणीचे १४ गुण आणि विद्यापीठीय खेळाडूंचे पाय : एक चिकित्सा

शारीरिक शिक्षणविषयक शोधनिबंधांत ‘फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन’ ही चाचणी वारंवार आढळते. ग्रे कुक व ली बर्टन यांनी मांडलेल्या या चाचणीत सात हालचालींना प्रत्येकी ० ते ३ गुण दिले जातात. एकूण गुण २१. १४ वा त्याहून कमी गुण मिळविणाऱ्यास दुखापतीचा धोका अधिक, असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप या १४ च्या आकड्याला आहे.

हा आकडा किसेल, प्लिस्की व व्होइट यांच्या २००७ च्या अभ्यासातून आला. अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक संघातील अवघे ४६ खेळाडू त्यात होते. त्यातही गंभीर दुखापत झालेल्यांपैकी जेमतेम निम्मेच या रेषेखाली सापडले. उरलेले ‘सुरक्षित’ ठरूनही जायबंदी झाले. २०१७ मध्ये मोरान व सहकाऱ्यांनी पद्धतशीर आढावा घेऊन, एकूण गुणांवरून दुखापतीचे भाकीत करण्यास पुरेसा आधार नसल्याचे दाखविले. तरीही १४ चा आकडा वेदवाक्य होऊन बसला आहे.

पोहरादेवी (जि. वाशीम) परिसरातील एखादी विद्यार्थिनी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कबड्डी संघासाठी निवडीस आली, असे समजू. उकिडवे बसणे तिच्या अंगवळणी पडलेले. खोल बैठकीत ती सहसा कमी पडणार नाही. (खुर्चीवर वाढलेल्या परीक्षकाचीच पंचाईत व्हावी!) परंतु चढाईत एका पायावर गर्रकन वळणे, घोटापकडीत गुडघ्याला पीळ बसणे, सराव मातीवर आणि सामना मॅटवर, यांपैकी काहीच त्या सात हालचालींत नाही. उलट खांद्याची लवचीकता आणि जोर यांचे गुण त्याच बेरजेत मिसळतात. खांदा आखडला म्हणून पाय धोक्यात, असा निष्कर्ष निघू शकतो.

चाचणी सर्वस्वी निरुपयोगी नाही. हालचाल करताना वेदना झाल्यास ० गुण, हा तिचा नियम मोलाचा आहे. मात्र हे गुण निवड समितीकडे जाणार असतील, तर संघातून वगळले जाण्याच्या भीतीने खेळाडू वेदना लपविणारच. म्हणून ते प्रशिक्षकाच्या सरावापुरतेच असावेत. पूर्वीच्या दुखापतीची चौकशी तर त्याआधी व्हावी. नॉर्वेत किशोरवयीन मुलींच्या फुटबॉल संघांना सुमारे २० मिनिटांचा नियोजित पूर्वव्यायाम दिला असता गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने घटल्याचे सोलिगार्ड व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नोंदविले. तो व्यायाम कोणाची चाळणी न लावता सर्वांनाच दिला होता.