सुमार कृती आणि शेवटचे पान

हाती घेतलेले पुस्तक रुचले नाही तरी ते तडीस न्यावे, अशी शिस्त आपल्या शिक्षकवर्गात अजून मानली जाते. टाकाऊ पुस्तकाचा प्रश्न सोपा. ते आपोआप हातून सुटते. पेच पडतो तो सुमार कृतीचा. ती धड रमवीत नाही आणि धड सोडवतही नाही. पुस्तके अथपासून इतिपर्यंत वाचण्याच्या आग्रहाची डॉ. जॉन्सनने १७७३ मध्येच थट्टा केली होती. तथापि या प्रश्नाचे उत्तर आम्हांस लंडनपेक्षा पेडण्यातील देवळांच्या प्रांगणात अधिक स्पष्ट दिसते.

पेडणे महाल १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. तत्पूर्वी तो सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. सत्ता बदलली, पण दशावताराचा पेटारा तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवर फिरतच राहिला. या खेळाला बांधीव संहिता नसते. संकासुराचा भाग संपून आख्यान लागले, की नट आयत्या वेळी संवाद रचतात. म्हणूनच मध्यरात्री रेंगाळणारे आख्यान उत्तररात्री एखाद्या नटाच्या हजरजबाबीपणाने उभे राहू शकते. शिवाय पहाटेचा दहीकाला झाल्यावाचून रात्र पुरी होत नाही. तेथे बसून राहणे हा केवळ आस्वाद नव्हे, जत्रेतील सहभागही असतो. डिचोलीतील उत्सवी नाटकांचेही तेच. रंगमंचावर आपलाच शेजारी उभा असता कोण उठून जाईल?

छापील कादंबरीचा वाचकावर असा हक्क नाही. ती आपल्यासमोर घडत नसते. ती घडून चुकलेली असते. पन्नास-साठ पानांत तिच्या भाषेने काहीच जागे केले नाही, तर ती मिटण्यात अपराध नाही.

परंतु देवळापुढील सौजन्य आपण ग्रंथपरीक्षणातही आणतो, हे आम्हांस घातक वाटते. अर्धे वाचून पुरी स्तुती करावयाची, ही रीत सुमार लेखनास पोसते आणि होतकरू लेखकास खरे मत कळू देत नाही. वाचकाने पुस्तक खुशाल सोडावे. परीक्षकास आणि स्पर्धेच्या पंचास मात्र ती मुभा नाही. त्याने शेवटच्या पानापर्यंत, शेवटच्या पडद्यापर्यंत जावे आणि मगच बोलावे. ज्यास ते जमले नाही, त्याने आपण कोठे थांबलो तेवढे प्रांजळपणे सांगावे. तेही लेखकाच्या उपयोगाचेच ठरेल.