संकल्पचित्रातलं ऊन

आमच्या टेंभुर्णीबाहेरच्या रस्त्याला काही वर्षांपूर्वी एक फलक लागला होता. दुमजली बंगला, पुढे हिरवळ, दारात पांढरी मोटार आणि दर्शनी भिंतीवर तिरपं, सोनेरी ऊन. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'संकल्पचित्र' असा शब्द. तो फलक पाहून एका निवृत्त शिक्षकांनी तिथं घर घेतलं. अपेक्षा साधी होती : म्हाताऱ्या आईला थंडीत पुढच्या अंगणात उन्हाला बसता यावं. घर झालं, आणि चित्राबरहुकूम झालं. रंग तोच, कठडा तोच, फरशीही तीच. डिसेंबर आला, पण अंगणात ऊन आलं नाही. आई आता खुर्ची घेऊन रस्त्यापलीकडे बसते.

घर उत्तरमुखी आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन पडत नाही, कारण या काळात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो. 22 डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून साडेशेहेचाळीस अंशांवरच असतो. तेव्हा बावीस फूट उंचीच्या घराची सावली उत्तरेला जवळजवळ एकवीस फूट पडते. अंगण पंधरा फुटांचं. म्हणजे अख्खं अंगण सावलीत, तेही नेमकं ऊन हवं असतं तेव्हा.

या चित्राला लोक 'अगदी फोटोसारखं' म्हणायचे. माझा प्रश्न तिथूनच सुरू झाला. फोटोसारखं दिसतं म्हणजे ते खरं असतं का?

वास्तुकलेचं शिक्षण मी घेतलेलं नाही. पण ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि त्यात अक्षांश, तारीख, वेळ भरली की सूर्य आपोआप त्या जागी जातो. मी साध्या ठोकळ्यांचं घर केलं, सुमारे 20 अंश उत्तर अक्षांश भरला आणि फलकावरचं ऊन शोधायला बसलो. चित्रात ते दर्शनी भिंतीवर ईशान्येकडून, खालून येतं. वर्षभराच्या तारखा फिरवल्या, तसं ऊन एकाही दिवशी सापडलं नाही. जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे झुकतो हे खरं, पण पार उगवतानाही तो पूर्वेपासून फार तर पंचवीस अंश उत्तरेला असतो. भिंतीला तो घासून जातो, समोरून उजळत नाही. नेमका ईशान्येला तो येतो तेव्हा जवळजवळ डोक्यावर असतो. फलकावरचं ऊन टेंभुर्णीत कधीच पडत नाही.

जागा न पाहता तिचं चित्र पुरं करण्याचा प्रकार संगणकाबरोबर आलेला नाही. आमच्याकडून एका दिवसात जाऊन येता येईल अशा वेरुळाचंच उदाहरण घेऊ. पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने पुण्याच्या गंगाराम तांबटाकडून लेण्यांची चित्रं काढून घेतली. हा गंगाराम स्वतः लेण्यांत जाऊन काढणारा. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहेत. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यानेही वेरुळाची रेखाटनं केली, पण ती छापून येण्याआधीच 1795 साली तो वारला. पुढे 1803 मध्ये लंडनला थॉमस डॅनियलने त्या रेखाटनांवरून चोवीस दृश्यांचा संच काढला. डॅनियल हिंदुस्थानात भरपूर हिंडला होता, पण वेरुळाला गेलेला नव्हता. रेषा वेल्सच्या हाताच्या. छापातल्या काळ्या-करड्या छटा मात्र लंडनमध्ये ठरल्या.

कैलास लेणं पश्चिमाभिमुख आहे. सकाळी त्याचा दर्शनी भाग सावलीत असतो, दुपारनंतर उजळतो. तिथे एक दिवस बसलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. नुसत्या रेघांवरून काम करणाऱ्याला ते कळणं अवघड. तरी डॅनियलच्या एका गोष्टीचं मला मोल वाटतं. संचाच्या नावातच स्पष्ट म्हटलंय की रेखाटनं वेल्सची आणि छाप डॅनियलच्या देखरेखीखालचे. जागा पाहिली कुणी आणि चित्र पुरं केलं कुणी, हे विकत घेणाऱ्याला समजत होतं. आमच्या फलकावर तेवढंही नव्हतं.

आता आजच्या चित्रांकडे वळू. संकल्पचित्र 'रिअलिस्टिक' कसं करावं याचे सल्ले सगळीकडे मिळतात. कडा धारदार ठेवू नका, किंचित गोल करा. पांढरा रंग पूर्ण पांढरा देऊ नका, कारण ताजा रंगही आलेल्या प्रकाशातला साधारण चार-पंचमांशच परत देतो. विटांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा चिकटवू नका. कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवा, उभ्या रेषा उभ्याच राहू द्या. हे सल्ले योग्य आहेत आणि मी स्वतः ते वापरून पाहिले आहेत. पण त्यांनी चित्र फोटोच्या जवळ जातं, जागेच्या नाही. फोटोचा खरेपणा आणि जागेचा खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपली संकल्पचित्रं पहिल्यावर इतकी मेहनत घेतात की दुसरीचा विसर पडतो.

जागेचा खरेपणा म्हणजे काय? आधी ऊन. दक्षिणेच्या भिंतीवर दोन फुटी छज्जाची दुपारची सावली मार्चमध्ये साडेपाच फूट उतरते, डिसेंबरात जेमतेम दोन फूट. लंडनमध्ये मार्चमधली हीच सावली दीड फुटाच्या आसपास. तयार मिळणारं परदेशी आकाश जसंच्या तसं लावलं की छज्जे निरुपयोगी दिसू लागतात. मग गिऱ्हाईकच म्हणतं, छज्जा काढा, दिसायला बरं दिसेल. त्याची किंमत एप्रिल-मेमध्ये कळते.

दुसरी जमीन. काळी माती प्रकाश फारसा परत फेकत नाही. मुरूम टाकलेलं अंगण बराच फेकतं, तोही तांबूस. छज्जाची खालची बाजू किती उजळ दिसणार हे यावर ठरतं. फलकावर सगळीकडे हिरवळ असते, म्हणून भिंतींना असा प्रकाश मिळतो जो इथल्या मातीतून येऊच शकत नाही.

तिसरं वय. एका पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल उडून भिंतीच्या पायथ्याशी पट्टा उमटतो. खिडकीच्या खालच्या कडेवरून ओघळ उतरतात. गच्चीवर पाण्याची टाकी बसते, दारासमोरून विजेची तार जाते. काही चित्रकार मळाचे डाग घालतात, पण शोभेसाठी, कुठेही. पाणी जिथून उतरतं तिथेच डाग पडतो. त्याची जागा चुकली तर तोही खोटा.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं : चित्र विकण्यासाठी असतं, स्वप्न दाखवणारच. मला ते पूर्ण अमान्य नाही. चित्र काढणाऱ्याचीही बाजू आहे. त्याला मोबाइलवर प्लॅन येतो, सोबत 'उद्या सकाळी पाहिजे' असा निरोप. प्लॉटचा फोटो नसतो, कधी उत्तर दिशेचा बाणही नसतो. त्याने वेरूळ न पाहिलेल्या डॅनियलसारखंच काम करायचं. दोष एकट्या त्याचा नाही.

पण चित्रावर पैसे मोजले जातात, तेव्हा ते नुसतं स्वप्न राहत नाही. 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 12 सांगतं की जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागेल. उन्हाची दिशा त्यात बसते का, हा वकिलांचा वाद. शिवाय 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठ घरांपर्यंतचे प्रकल्प नोंदणीतून सुटतात. आमच्यासारख्या गावांतली बरीच कामं याच मापाची. तिथे गिऱ्हाइकाच्या हाती बहुधा चित्रच असतं.

म्हणून माझी मागणी चित्र कमी सुंदर करा अशी नाही. 'संकल्पचित्र' या शब्दाशेजारी एक ओळ वाढवावी : घराचं तोंड कुठल्या दिशेला, हे ऊन कुठल्या महिन्यातलं आणि किती वाजताचं, पाहणारा कुठे उभा आहे. अक्षांश आणि तारीख भरायला संगणकावर दोन मिनिटं पुरतात. ती ओळ लिहायची म्हटली की काढणाऱ्याला दिशा विचारावीच लागेल, आणि विकणाऱ्याला सांगावी लागेल.

त्या शिक्षकांना मी माझं ठोकळ्यांचं चित्र दाखवलं. ना रंग, ना झाडं. नुसतं राखाडी घर आणि डिसेंबरची सावली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हे आधी दाखवलं असतं, तर पलीकडच्या रांगेतला प्लॉट घेतला असता."