भूतकाळात जाताना पासबुक जवळ ठेवावे

मराठी माणसाला भूतकाळात जायला यंत्र लागत नाही. चहाचा दुसरा कप पुरतो. पहिल्या कपाला तो महागाईवर बोलत असतो, दुसऱ्याला थेट पानिपतावर पोचलेला असतो आणि तिथे उभा राहून सदाशिवरावभाऊंना, त्यांनी नेमकं कुठे चुकवलं ते समजावून सांगत असतो. साहेबाला मात्र सगळ्याला यंत्र लागतं. एच. जी. वेल्सने १८९५ साली काळातून फिरणारं यंत्र कादंबरीत आणलं, आणि त्यानंतर चित्रकथावाल्यांनी ते अक्षरशः पळवलं. ब्रिक ब्रॅडफर्ड नावाच्या अमेरिकन नायकाला तर १९३५ साली काळात फिरायला चक्क भोवरा मिळाला! आम्ही आयुष्यभर भोवरे फिरवले, पण दुपारच्या वेळी शेजाऱ्यांची झोप मोडण्यापलीकडे कुठल्याही काळात पोचलो नाही.

आमच्या वाट्याला काळप्रवास आला तो ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ च्या मार्चमध्ये सुरू केलेली ही पुस्तकं मराठीतही निघत. १९९० साली ती बंद पडली. आमच्या पिढीला ती मिळाली रद्दीच्या दुकानात, पंचवीस पैसे भाड्याने, पहिलं आणि शेवटचं पान नसलेल्या अवस्थेत. त्यामुळे गोष्ट सुरू कशी झाली आणि संपली कशी, हे आम्हांला कधीच कळलं नाही. काळप्रवासाची याहून चांगली पूर्वतयारी दुसरी नसेल.

या पुस्तकांतला खरा काळप्रवासी म्हणजे गार्थ. हा मूळचा लंडनच्या ‘डेली मिरर’ दैनिकातला. १९४३ ते १९९७ अशी चोपन्न वर्षं त्याने तिथे सेवा केली. रुजू होताना गडी तिशीचा दिसत होता, आणि सोडतानाही तिशीचाच. बँकेत असं कुणी करून दाखवलं असतं तर त्याच्या जन्मदाखल्याची चौकशी लागली असती. गार्थला काळात धाडायला सुरुवातीला यंत्रसुद्धा नव्हतं. ल्युमिएर नावाचा एक प्राध्यापक त्याला संमोहित करायचा, आणि गार्थ आपल्या मागच्या जन्मांत जाऊन पडायचा. म्हणजे पुनर्जन्म हा आपला माल! तो लंडनला गेला, तिथे त्याला दंडाच्या बेटकुळ्या आल्या आणि मग मराठीत भाषांतर होऊन तो आपल्याला भाड्याने परत मिळाला.

आता समीक्षक म्हणून चार शब्द बोलायला हवेत. गार्थची चित्रं १९७१ ते १९७६ या काळात फ्रँक बेलामीने काढली, आणि ती आजही बघत बसावीत अशी आहेत. नुसत्या काळ्या शाईत तो असा अंधार उभा करतो की पान उलटताना बोट मागे घ्यावंसं वाटतं. पण ही मुळात रोजच्या पेपरातली पट्टी. दिवसाला दोन-तीन चौकटी, आणि शेवटच्या चौकटीत कुणीतरी ‘अरे देवा!’ म्हणून दचकायलाच हवं, नाहीतर उद्याचा पेपर कोण घेणार? अशा पट्ट्या एकाखाली एक चिकटवून पुस्तक केलं, की नायक दर तिसऱ्या चौकटीला दचकतो. एवढ्या दचकणाऱ्या माणसाला आमच्याकडे कॅशच्या काउंटरवर बसवणार नाहीत. शिवाय फुगे इंग्रजीच्या मापाने काढलेले. त्यांत आपली वेलांटी-उकारवाली, जोडाक्षरं बाळगणारी मराठी बसवायची म्हणजे सहा जणांच्या रिक्षात अकरा जणांचं वऱ्हाड. त्यामुळे आमचे नायक फार थोडकं बोलत. त्यांचा तो कणखर स्वभाव आम्हांला फार आवडायचा. तो जागेच्या टंचाईतून आलेला होता हे पुढे कळलं.

माझी पहिली तक्रार भाषेची आहे. गार्थ कुठल्याही शतकात पडो, समोरचा माणूस त्याच्याशी अस्खलित बोलतो. मराठी आवृत्तीत तर प्राचीन ग्रीक सैनिकसुद्धा पुण्याच्या क्रमिक पुस्तकातलं बोलायचा. आता नेवासं माझ्या शाखेपासून फार लांब नाही. तिथे १२९० साली, एका खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तो पैस खांब आजही आहे. उद्या मी भोवऱ्यात बसून त्या सभेत जाऊन बसलो, तर माऊलींच्या दर चार शब्दांतला एक मला शेजाऱ्याला विचारावा लागेल, आणि शेजारी काय सांगतोय तेही समजणार नाही. आपल्याच तालुक्यात, आपल्याच भाषेत ही गत, आणि गार्थ मात्र दुभाष्याविना पृथ्वीभर!

दुसरी तक्रार हिशेबाची. मी कॉमर्सचा पदवीधर, त्यामुळे काळप्रवास म्हटला की मला आधी व्याज दिसतं. चारशे वर्षांपूर्वी जाऊन एक रुपया दरसाल चार टक्के चक्रवाढीने ठेवला, तर आज त्याचे जवळजवळ पासष्ट लाख होतात. इतकी साधी गोष्ट एकाही नायकाला सुचू नये? हे मी आमच्या हेडकॅशिअरांना बोलून दाखवलं. ते नोटा मोजता मोजता म्हणाले, “आणि व्यवहार कोण करणार मधे? दोन वर्षं हालचाल नाही, खातं निष्क्रिय. दहा वर्षं झाली, की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत. परत मागायला केवायसी लागतंच. सतराव्या शतकातला पत्त्याचा पुरावा आहे का तुमच्याकडे?” विज्ञानकथेवर इतकी नेमकी टीका मी अजून कुठे वाचलेली नाही.

वेताळाचं प्रकरण वेगळं. ली फॉकने १९३६ साली जन्माला घातलेला हा बुरखेवाला. याला यंत्र लागत नाही आणि संमोहनही लागत नाही. त्याच्याजवळ वह्या आहेत. पहिल्या वेताळाने १५३६ साली शपथ घेतली, तेव्हापासून प्रत्येक पिढीने आपला वृत्तांत लिहून कवटीच्या गुहेत ठेवला. आजचा एकविसावा. म्हणजे चारशे वर्षांत वीस अधिकारी बदलून गेले, सरासरी वीस वर्षं सेवा, आणि दप्तर अखंड! त्याला वही उघडायचा अवकाश, की आपण दोनशे वर्षं मागे. खजिन्याच्या खोलीला कुलूपसुद्धा नाही. ही कल्पना कुणाला अतिरंजित वाटेल, पण आमच्या जिल्ह्यात शनिशिंगणापूरला २०११ साली बँकेची बिनकुलपाची शाखा उघडली, तेव्हा आम्हांला वेताळाचीच आठवण झाली. फक्त आमच्याकडे ऑडिट होतं.

मराठीत काळाशी खरा खेळ केला तो जयंत नारळीकरांनी. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे एक प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतात, जिथे विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि मराठे लढाई जिंकले. यंत्र नाही, भोवरा नाही. ट्रकशी टक्कर पुरते. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. त्यांच्या कथेत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जिंकलेल्या इतिहासात गेलेला माणूस तिथे तलवार घेऊन नाचत नाही. तो ग्रंथालयात जाऊन बसतो आणि नेमकं कुठल्या क्षणी वळण बदललं ते शोधतो. गार्थ ग्रंथालयात गेल्याचं एकही चित्र मला आठवत नाही.

इथे माझ्या मुख्य दुखण्याकडे येतो. आम्ही पोरं ती पुस्तकं वाचून डेंकालीच्या जंगलात फिरत होतो (मूळ इंग्रजीतल्या ‘बंगाला’चं इंद्रजालवाल्यांनी डेंकाली केलं होतं, नाहीतर बंगाली वाचक पत्ता शोधायला निघाला असता). आम्हांला असं पक्कं वाटायचं, की काळ ही चीज परदेशात मिळते. आपल्याकडे असते ती फक्त वेळ, आणि तीही एसटीची. पण खुद्द श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना ब्राँझचा रथ सापडला. दोन बैल, वर उभा सारथी. सोबत हत्ती, गेंडा आणि रेडा. साडेतीन हजार वर्षांपलीकडचा ऐवज! चित्रकथेचा पहिला अंक तयार होता, चित्रंसुद्धा काढून झालेली होती. कुणी चौकटी आखल्या नाहीत, इतकंच.

नगरचा भुईकोट किल्ला घ्या. १६०० साली चांदबिबीला तिच्याच माणसांनी मारलं. का? ती मोगलांना फितूर झाली अशी अफवा उठली म्हणून. अमर चित्रकथेने चांदबिबीवर पुस्तक काढलं होतं, ते चांगलं आहे. पण तिथे आपण फक्त बघतो. काळप्रवासाच्या पट्टीत आमच्या गल्लीतला एक पोरगा त्या दरवाज्याशी उभा करता आला असता. त्याला ठाऊक आहे की बातमी खोटी आहे, आणि समोर ओरडणारा जमाव आहे. त्याचं कोण ऐकणार? गार्थच्या साऱ्या ठोशांपेक्षा हा प्रसंग अवघड आहे, आणि ज्याच्या हातात आज फोन आहे त्या प्रत्येक पोराच्या नेमक्या उपयोगाचा आहे. त्याच किल्ल्यात १९४२ साली इंग्रजांनी नेहरूंना कोंडलं, आणि १९४४ मध्ये पाच महिन्यांत त्यांनी सिंधू संस्कृतीपासून आपल्या काळापर्यंतचा हिंदुस्थान कागदावर चालून काढला. बाहेरून कडी लावलेल्या खोलीतून एवढा लांबचा पल्ला गाठणारं दुसरं वाहन निघालेलं नाही.

तरीही या स्वस्त पुस्तकांचा माझ्यावर एक उपकार आहे. चित्रकथेत दोन चौकटींमध्ये एक पांढरी पट्टी असते. एका चौकटीत वेताळ घोड्यावर चढतो, पुढच्या चौकटीत तो किनाऱ्यावर उतरतो. मधलं जंगल वाचणाऱ्याने भरायचं. खरं कालयंत्र ते. भोवरा नुसता दाखवण्यापुरता. ही सवय लागली आणि पुढे नोकरीत पासबुकं समोर आली. त्यातही दोन नोंदींमध्ये पांढरी पट्टीच असते. दर महिन्याला दोनशे, दोनशे, दोनशे. मग एक दिवस सगळी रक्कम बाहेर. मग वर्षभर काही नाही. मग पुन्हा शंभर. मुलीचं लग्न, की विहीर, की दवाखाना, हे छापत नाहीत. एक आजोबा आपलं जुनं, हाताने लिहिलेलं पासबुक बदलून घेताना म्हणाले, “साहेब, नवं द्या, पण हे माझ्याकडंच राहू द्या. ह्यात आमची म्हातारी हाय.” मी ते रद्द केल्याचा शिक्का मारला, अगदी कोपऱ्यात, एकाही नोंदीवर येणार नाही असा, आणि परत दिलं.

तेव्हा चित्रकारांना माझी नम्र विनंती, की नगर जिल्ह्याची एक काळप्रवासाची पट्टी काढावीच. यंत्र साधं ठेवा, लाल डब्याची एसटी चालेल. ती कुठल्या शतकात पोचेल हे तसंही सांगता येत नाही. एक व्यावहारिक सूचना. नायकाला तिकीट काढताना गावाचं नाव सांगावं लागेल. २०२४ नंतर अहिल्यानगर, त्याआधी अहमदनगर, आणि १४९४ च्याही मागे जायचं असेल तर भिंगार. उगाच घोटाळा नको. त्याने नुसतं ‘नगर’ म्हणावं. सुटे पैसे मात्र त्या-त्या काळातले न्यावेत. आमच्या काउंटरवर बदलून मिळणार नाहीत.