लेबलावर नाव कुणाचं?

मित्रांनो, आधी कबुली देतो, मग टीका करतो.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरचं. त्याच्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या लढ्याची चौकशी केली होती. म्हणजे आपलं आणि त्यांचं नातं आजचं नाही. ऐंशीच्या दशकात आम्ही पोरं काळ्यांच्या कविता भाषांतरातून वाचायचो, माल्कम एक्सवरून रात्र रात्र भांडायचो. पण त्यांचं गाणं? ते मी पहिल्यांदा ऐकलं गोऱ्यांच्या तोंडून. मित्राच्या खोलीवर, कुणीतरी भरून दिलेल्या कॅसेटवर. बँडचं नाव रोलिंग स्टोन्स. कॅसेटवर गाणाऱ्यांचं नाव होतं, लिहिणाऱ्याचं नव्हतं. मी समजलो, हे दुःख, ही मस्ती या इंग्रज पोरांचीच. कितीतरी वर्षं मी तेच समजत होतो.

हे सगळं आज उकरून काढायचं कारण म्हंजे आमच्या वस्तीतली चार पोरं. त्यांनी बँड काढलाय. लग्नातला नव्हे. गिटार, ड्रम, शिवाय एक हलगी. पोरं वाजवतात झकास. परवा आली आणि म्हणाली, 'काका, आमच्यावर चार ओळी लिहा. नवीन बँड आहे, प्रसिद्धी पायजे.' हातात पोस्टर ठेवलं. पोस्टरवर गाण्यांची यादी. तिसऱ्या गाण्यापुढं छापलेलं: 'पारंपरिक'. त्या एका शब्दावर माझी सुई अडकली. त्यावर येतोच. पण आधी एका दुसऱ्या नवीन बँडची गोष्ट.

लंडन, १२ जुलै १९६२. मार्की क्लबमध्ये काही पोरांचा एक नवा बँड 'रोलिंग स्टोन्स' या नावानं पहिल्यांदा उभा राहिला. नावसुद्धा उसनं. मडी वॉटर्स या काळ्या गायकाच्या १९५० च्या एका गाण्यावरून घेतलेलं. त्याच्या आदल्या वर्षी डार्टफर्ड स्टेशनवर मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांची गाठ पडली होती. जॅगरच्या काखेत रेकॉर्डी होत्या चक बेरीच्या आणि मडी वॉटर्सच्या. शिकागोच्या चेस कंपनीकडून हा पोरगा टपालानं रेकॉर्डी मागवायचा. इंग्लंडातल्या एका शाळामास्तराच्या पोराला शिकागोच्या काळ्या मजुरांच्या गाण्याचं वेड लागावं, हे मला आजही चांगलं वाटतं. वेड खोटं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हंजे पुढं कुणी मला आकसानं लिहिलं म्हणणार नाही.

आता हे गाणं कुठलं? १८६५ साली अमेरिकेत गुलामी कायद्यानं संपली. कागदावरच संपली. मिसिसिपीच्या कापसाच्या रानात काळा माणूस मालकाचं शेत अर्धेलीनं करायचा आणि वर्षअखेरीला मालकाच्या वहीत कर्जदारच निघायचा. त्या रानातून ब्लूज निघालं. एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. एकदा सांगून कुणी ऐकत नाही, म्हणून दोनदा सांगायचं. हे आपल्याला कुणी समजावून द्यायला नको.

मडी वॉटर्स म्हणजे मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. स्टोव्हॉलच्या मळ्यावर राबणारा माणूस. १९४१ साली तिथंच त्याचं गाणं पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं. १९४३ साली तो मळा सोडून शिकागोला गेला. दारूच्या गुत्त्यात गोंगाट फार, साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्यानं विजेची गिटार घेतली. ज्याला पुढं जगानं रॉक म्हटलं, त्याचा एक मोठा पाया या गोंगाटात घातला गेला. आणि या लोकांच्या रेकॉर्डी विकल्या कशा जायच्या? व्यापारी मासिकात काळ्यांच्या रेकॉर्डींची यादीच वेगळी असायची. १९४९ पर्यंत तिचं नाव होतं 'रेस रेकॉर्ड्स'. हॉटेलाबाहेर टांगलेली आपली वेगळी कपबशी आठवा.

तर स्टोन्सची पोरं हे गाणं गाऊ लागली. १९६३ साली त्यांना मॅनेजर भेटला अँड्र्यू लूग ओल्डहॅम. वय वर्षं एकोणीस. पहिलं काम त्यानं काय केलं? बँडचा पियानोवाला इयन स्ट्युअर्ट याला फोटोतून काढला. का, तर चेहरा विकला जाणार नाही. स्ट्युअर्ट सामान वाहत आणि मागं बसून पियानो वाजवत १९८५ साली मरेपर्यंत त्यांच्याबरोबर राहिला. प्रसिद्धी म्हणजे काय, हे ज्याला कळून घ्यायचं असेल त्यानं या माणसाकडं बघावं. गोऱ्यांनी गोऱ्यालाच फोटोतून काढला. मग फोटोच्या बाहेर जन्मलेल्यांचं काय?

दुसरं काम. बीटल्स गोडगोड दिसत होते, म्हणून ओल्डहॅमनं यांना वाईट पोरं म्हणून विकलं. केस वाढवा, हसू नका, उर्मट बोला. घरची मुलगी यांच्याबरोबर पाठवाल काय, अशा अर्थाचे मथळे छापून आले आणि रेकॉर्डी आणखी खपल्या. इथं माझं डोकं फिरतं. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या पोराला गोऱ्या बाईची छेड काढल्याच्या आरोपावरून हालहाल करून मारलं. मारणारे कोर्टातून सुटले. आपल्याकडं २०१४ साली खर्ड्यात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. 'पोरगी सांभाळा' हा मथळा गोऱ्या पोराच्या अंगावर दागिना होतो आणि काळ्या पोराच्या मानेला फास होतो. स्टोन्सनी गाणं घेतलं, गाण्यातला माज घेतला. त्या माजाची किंमत मात्र दुसऱ्यांनी चुकवलेली होती.

गाण्याबद्दलही बोलू, नाहीतर म्हणाल काका नुसतं राजकारण करतात. 'लिटल रेड रूस्टर' हे विली डिक्सननं लिहिलेलं गाणं. १९६१ साली हाउलिन वुल्फनं गायलं. १९६४ च्या शेवटी स्टोन्सनी ते काढलं आणि ते इंग्लंडात एक नंबरला गेलं. दोन्ही ऐका, लागोपाठ ऐका. ब्रायन जोन्सची गिटार तारेवर नळी घासत जाते, ती मेहनतीनं शिकलेली आहे, तिच्यात अदब आहे. घाई नाही, दिखावा नाही. जॅगरचा आवाज मात्र उच्चार उसने आणतो. वुल्फ गातो तेव्हा सगळी वाडी जागी होते. जॅगर गातो तेव्हा वुल्फ ऐकून आलेला पोरगा दिसतो. सोंग चांगलं आहे, पण सोंग आहे. पुढं स्वतःची गाणी लिहायला लागल्यावर त्याला स्वतःचा आवाज सापडला, हेही खरं.

आता हाउलिन वुल्फ. खरं नाव चेस्टर आर्थर बर्नेट, जन्म १९१० चा, मिसिसिपीचा. धिप्पाड गडी. लहानपणी शाळा नाही. मोठेपणी, नाव झाल्यावर, तो वर्गात जाऊन बसला आणि लिहायला-वाचायला शिकला. साथीदारांना पगार वेळेवर द्यायचा, त्यांच्या म्हातारपणाच्या आणि बेकारीच्या विम्याचे पैसे भरायचा. बँड काढणाऱ्या पोरांनो, स्टोन्सचे केस बघण्याआधी वुल्फचा हा हिशेब बघा.

मे १९६५ मध्ये अमेरिकेतल्या 'शिंडिग' या टेलिव्हिजनच्या कार्यक्रमात स्टोन्सना बोलावणं आलं. त्यांनी अट घातली: वुल्फलाही आणा. ब्रायन जोन्सनं निवेदकाला गप्प बसवून वुल्फला मंचावर येऊ द्या म्हणून सांगितलं. चोपन्न वर्षांचा वुल्फ गायला आणि ही पोरं त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली. हे मी त्यांच्या खात्यावर जमा करतो. मनापासून करतो. आपल्याकडच्या किती प्रस्थापितांनी ज्या शाहिराचं घेतलं त्याला मंचावर बसवून स्वतः खाली बसून ऐकलं? मोजायला एक हात पुरे. पण हेही विचारा: ज्या देशात वुल्फ जन्मला, गायला, तिथल्या लाखो गोऱ्या घरांत त्याला शिरायला इंग्रज पोरांची चिठ्ठी का लागावी?

मान वेगळा, नाव वेगळं, पैसा वेगळा. या तीन गोष्टींची गल्लत करू नका. पायाशी बसणं म्हणजे मान. लेबलावर लिहिणं म्हणजे नाव. आणि गाणं विकलं की त्यातला वाटा लिहिणाऱ्याला जातो, तो पैसा.

मान दिला, ठीक. नावाचं बघा. १९६८ च्या 'बेगर्स बँक्वेट' मध्ये रेव्हरंड रॉबर्ट विल्किन्स यांचं एक गाणं आहे. पहिल्या छपाईत त्यावर जॅगर-रिचर्ड्स असं नाव होतं. मागाहून दुरुस्त केलं. १९६९ साली त्यांनी 'लव्ह इन व्हेन' गायलं. ते रॉबर्ट जॉन्सनचं. हा जॉन्सन १९३८ साली सत्ताविसाव्या वर्षी मेला. त्याच्या आयुष्यात एकोणतीस गाणी ध्वनिमुद्रित झाली. स्टोन्सच्या रेकॉर्डवर आधी त्याचं नावच नव्हतं. पुढं कोर्टकचेरी झाली. स्टोन्सच्या त्या गाण्यांची मालकी ज्या कंपनीकडं गेली होती, तिनं सांगितलं की जॉन्सनच्या या गाण्यावर आता कुणाचाच हक्क नाही, ते सार्वजनिक आहे. २००० साली अमेरिकेच्या अपील कोर्टानं ते मान्य केलं नाही. त्याच वर्षी मिसिसिपीच्या वरिष्ठ कोर्टानं जॉन्सनचा मुलगा वारस म्हणून मान्य केला. त्यानं जन्मभर खडीचा ट्रक चालवला होता.

'कुणाचंच नाही.' ऐकलंत ना? हेच आपल्या मराठीत 'पारंपरिक' म्हणून छापतात.

पैशाचं तर नाव असूनही खरं नसतं. विली डिक्सनचं नाव लेबलावर होतं, पण ज्या प्रकाशन कंपनीकडं गाणी होती तिच्यावर डिक्सन आणि मडी वॉटर्स यांना सत्तरच्या दशकात दावा लावावा लागला. लेड झेपलिन या दुसऱ्या इंग्रज बँडनं डिक्सनचं एक गाणं १९६९ साली स्वतःचं म्हणून विकलं. १९८५ साली डिक्सननं दावा लावला, १९८७ साली तडजोड झाली. म्हणजे नाव मिळालं, आणि पैसा मधेच कुणाच्यातरी पेटीत अडकला.

देता येत नव्हतं का? येत होतं. १९७१ साली स्टोन्सनी मिसिसिपीच्या फ्रेड मॅकडॉवेलचं गाणं घेतलं. त्याच्या प्रकाशकानं पाठपुरावा केला आणि १९७२ साली मॅकडॉवेल मरण्याआधी पैसे त्याच्या हातात पडले. एकानं कागद नीट ठेवला आणि भांडला, म्हणून पडले. आपोआप काही होत नाही, पोरांनो.

एक दंतकथा आहे. १९६४ साली स्टोन्स शिकागोला चेसच्या स्टुडिओत गेले तेव्हा मडी वॉटर्स शिडीवर चढून छताला रंग देत होता, असं रिचर्ड्स सांगतो. चेसच्या घरातला माणूस सांगतो, साफ खोटं. मडी नेहमी झोकदार कपड्यात असायचा. मला चेसवाल्याचं पटतं. पण प्रश्न वेगळाच आहे. गुरूच्या हातात चुन्याची बादली दिल्याशिवाय या लोकांची गोष्ट रंगत का नाही? आपला माणूस कागदावर येतो तो दीनवाणा होऊनच. मडी वॉटर्स १९६४ साली आपल्या गाण्याचा राजा होता. त्याला राजा म्हणूनच लिहा.

आता आमच्या पोरांकडं. पोस्टरवर ज्याच्यापुढं 'पारंपरिक' छापलंय ते गाणं पारंपरिक नाही. ते शेजारच्या चाळीतल्या एका गिरणी कामगारानं लिहिलं. संपात नोकरी गेली, त्यानंतर लिहिलं. त्याची वही मी पाहिली आहे, निळ्या शाईची, पुठ्ठ्याला दोरा बांधलेली. तो गेला. बायको आहे. आणि माझी दुसरी कबुली: वीस वर्षं चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मीही ते गाणं घसा फोडून गायलो आणि एकदाही माईकवरून त्याचं नाव घेतलं नाही. स्टोन्सवर दगड मारताना हा दगड माझ्याही डोक्यावर बसतो.

पोरांना हे सगळं सांगितलं. पहिल्यांदा रागावली. 'काका, आपलंच गाणं आहे, आपल्याच माणसांसाठी गातोय. आम्ही काय गोरे आहोत?' नाही, तुम्ही गोरे नाही. पण पावला महाराची होती, ती नाचली, गायली, आणि ज्यांना पठ्ठे बापूराव तोंडपाठ आहे त्यांना पावलाचं गाव विचारा. संगमनेर तालुक्यातलं हिवरगाव. किती जणांना माहीत आहे? नाव पुसायला दर वेळी गोराच लागतो असं नाही, बामणच लागतो असंही नाही. आळस पुरतो.

म्हणून तुमच्या बँडवर माझ्या चार ओळी अशा: वादन दणकेबाज, हलगी गिटारीच्या वर चढते तेव्हा अंगावर काटा येतो, गाणारा पोरगा घाई करतो ती त्यानं थांबवावी. खूप पुढं जाल. जाताना वुल्फसारखं साथीदारांचं देणं द्या, स्टोन्ससारखं थोरांच्या पायाशी बसा, आणि जे स्टोन्सनी वेळेवर केलं नाही ते पहिल्या दिवशी करा. लिहिणाऱ्याचं नाव लिहा. त्या बाईला कार्यक्रमाला बोलवा, पुढच्या रांगेत बसवा, आणि बिदागीतला वाटा पाकिटात घालून हातात द्या.

पोरं म्हणाली, पोस्टर पाचशे छापून झाली, परत छापायला पैसे नाहीत.

मी म्हटलं, पेन आहे ना? बसा. मीही बसतो.

रात्री दीडपर्यंत बसलो. पाचशेच्या पाचशे पोस्टरांवर 'पारंपरिक' खोडून त्याचं नाव लिहिलं. शेवटी शेवटी हात दुखायला लागला, अक्षर वाकडं झालं. पण वाचता येतंय.

जय भीम.